बंदुकीच्या कानात तेल

आमच्या घरी बंदूक आहे आणि ती माझ्या नावावर आहे, असं मी ऑफिसात सांगितलं तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नाही. नाशिकच्या इंदिरानगरात राहणारी, डब्यात शेपूची भाजी आणणारी, पन्नाशी उलटलेली बाई आणि बंदूक? एकीने विचारलं, "खेळण्यातली का गं?" मी म्हटलं, "हो, खेळण्यातलीच. फक्त परवाना सरकारी आहे." मग कुणीतरी माझ्याकडे लोणच्याची बाटली सरकवली.

ती ठासणीची बंदूक आहे. म्हणजे काडतूसबिडतूस काही नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालायचा आणि गजाने ठासायचं. मागे घोड्याच्या खाली बोटाच्या पेराहून लहान अशी एक पोकळ बोंडी असते. तिला आमच्याकडे कान म्हणतात. या कानावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपी फुटते, तिची ठिणगी कानातल्या बारीक भोकातून आत शिरते आणि दारू पेटते. यातलं एक जरी बिनसलं तरी बंदुकीची नुसती जड काठी होते.

आजोबांच्या काळी शिकारीचा हंगाम असायचा म्हणे. आता शिकारीला कायद्याने बंदी आहे, आणि ते बरंच झालं. आमचा हंगाम मक्याचा. आमचं गाव कळवणकडे, आणि शिवार अगदी डोंगराला टेकलेलं. कणसात दूध भरलं की रानडुकरं उतरतात. ती खातात त्यापेक्षा लोळून नासतात जास्त. बंदुकीचा परवाना आहे तो शेतीच्या राखणीसाठी, आणि आमच्याकडे छर्रे भरायची पद्धतच नाही. नुसता आवाजाचा बार, तोही हवेत. डुकरं फटाक्यांना सरावली, पत्र्याच्या डब्यांना सरावली, ठासणीच्या बाराला मात्र अजून सरावली नाहीत. का, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवारातले सगळे आमच्या टेकाडावर जमतात आणि राखणीचा पहिला बार निघतो. तो निघाल्याशिवाय कुणी राखणीच्या माळ्यावर चढत नाही. बार काढायचा मान परवाना ज्याच्या नावावर त्याचा. वर्षानुवर्षं तो माझ्या वडिलांचा होता. अण्णांचे हात थरथरू लागले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज करून परवाना माझ्या नावावर केला. मी एकुलती एक. दुसरं कुणी नव्हतंच, हे खरं, पण असतं तरी अण्णांनी मलाच दिली असती, असं मी समजते आणि त्यावर कुणाशी वाद घालत नाही.

तर परवाना माझ्या नावावर झाला आणि त्याच वर्षी, म्हणजे गेल्या पोळ्याला, बंदूक मुकी झाली. अख्खं शिवार जमलेलं, मी पदर खोचून उभी, चाप ओढला, टोपी फट्कन वाजली आणि पुढे काहीच नाही. दुसरी टोपी. फट्. तिसरी तर फुटलीसुद्धा नाही, नुसता घोडा टक् करून बसला. मागून कुणीतरी म्हणालं, "फुसका बार!" आणि लोक हसले. त्यातले अर्धे तरी माझ्या लग्नात जेवून गेलेले होते.

सगळ्यांत मोठ्याने हसले ते काका. काका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. त्यांचं वावर आमच्या बांधाला लागून आहे. काकांनी त्या वर्षी मक्यात भोंगा बसवला होता. त्यातून थोड्या थोड्या वेळाने वाघाची डरकाळी निघायची, मधूनच कुत्री भुंकायची. "याला दारू नाय, टोपी नाय, परवाना नाय," काका ज्याला त्याला सांगायचे. माझ्या बंदुकीबद्दल त्यांचं म्हणणं असं, की बाईच्या नावावरची बंदूक, बाई ऱ्हाती नाशकात, आणि बंदूक मुकी. मग घरात ठेवायची कशाला? पुढच्या पोळ्याला वाजली नाही तर कळवणला ठाण्यात जमा करून टाका.

मला वाटलं होतं, अण्णा उसळतील. ते म्हणाले, "बरं."

ज्या माणसाने ती बंदूक कधी भिंतीला टेकवून ठेवली नाही, तिला नेहमी आडवी, अंगाखाली घोंगडी घालून निजवली, तो माणूस "बरं" म्हणतो? बंदूक गेली तर शिवारात माझं उरेल काय? सणाला येणारी, पाटावर बसून जेवणारी आणि आंब्याची पेटी घेऊन परत जाणारी पाहुणी. मला पाहुणी व्हायचं नव्हतं. मी मनात म्हटलं, वाजवून दाखवते की नाही बघा.

यंदा पोळ्याच्या आधी रजा टाकली. नाशिकच्या परवानाधारक दुकानातून नवी दारू घेतली, टोप्यांची नवी डबी घेतली. दुकानदाराने माझ्याकडे आणि परवान्यावरच्या फोटोकडे आळीपाळीने पाहिलं. मी म्हटलं, "केस कापलेत, बाकी मीच आहे." दिंडोरीमार्गे गाव गाठलं, तर अण्णा ओट्यावर बसलेले. मी दारू दाखवली. त्यांनी चिमूटभर तळहातावर घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "ही कोरडी हाय. आपली सर्दावली व्हती. दुसरं काय बी नाय."

अण्णांचं निदान हेच होतं, वर्षभर. डोंगराकडची हवा ओली, दारू सर्दावली, टोप्या सर्दावल्या. मीही तेच धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात घोंगडी पसरली आणि अण्णांनी आधी गज नळीत सोडायला लावला. गजावर खूण आहे. नळी रिकामी असेल तर खूण तोंडाशी बरोबर येते, आत काही असेल तर वर राहते. खूण बरोबर आली. नळी रिकामी; गेल्या वर्षीची न पेटलेली दारू तेव्हाच काढलेली होती. अण्णा म्हणाले, "आता नळीच्या तोंडापुढं गवताची काडी धर. म्हंजी हातात नको, मातीत रोव. आन् नुसती टोपी वाजव. काडी हालली तर कान मोकळा."

मी काडी रोवली, नवी कोरी टोपी बसवली, चाप ओढला. टक्. टोपी फुटलीच नाही. पुन्हा घोडा चढवला, पुन्हा चाप. या वेळी फट् झालं, छान वाजली. काडी जागची हलली नाही.

नव्या डबीतली टोपी, कोरडीठाक हवा, आणि तरी तेच. दारू तर आत नव्हतीच. म्हणजे वर्षभर ज्या दारूला आम्ही नावं ठेवली तिचा काही संबंधच नव्हता. मी हे अण्णांना म्हटलं तर ते गुरगुरले, "मंग कमान मेली आसंल घोड्याची." कमान म्हणजे घोड्याला जोर देणारी पट्टी. ती मेली असेल तर संपलंच, कारण तसली कमान बसवून देणारा मिस्त्री आता मिळणं कठीण.

नेमके तेवढ्यात काका बांधावरून आले. घोंगडीवर पसरलेला संसार पाहिला आणि म्हणाले, "पोळा आला बाई. पॉलिश करून ठिव, जमा करताना बरी दिसंल."

"काका, चहा घेणार की टोपी?" मी विचारलं.

ते हसत निघून गेले. मला हसू आलं नाही. अण्णा डोंगराकडे बघत बसले होते.

मी मुळात चिवट आहे. आमच्या ऑफिसातलं झेरॉक्सचं मशीन बिघडलं की सगळे मेकॅनिकला फोन करतात आणि मी झाकण उघडते. तशी मी बंदुकीला बसले. घोडा वर करून त्याचं तोंड उजेडाकडे केलं. घोड्याचं तोंड आतून खोलगट असतं, वाटीसारखं, म्हणजे टोपीवर नीट बसावं म्हणून. त्या खळग्यात काहीतरी होतं. काळपट, चिकट. सुईने टोकरलं तर एक तांदूळ निघाला. मग अजून एक. कुंकवात माखून घट्ट बसलेले तांदूळ.

"अण्णा, घोड्याच्या तोंडात अक्षता आहेत."

"कशाच्या?"

"दसऱ्याच्या! दुसऱ्या कशाच्या असणार?"

आमच्याकडे दसऱ्याला बंदुकीची पूजा होते. नांगर, कोयता, विळा आणि बंदूक ओळीने मांडतात, हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. पूर्वी अण्णा करायचे. डोळे गेल्यापासून आई करते, आणि आईचं काम म्हणजे मनापासून. देवाला वाहिलेल्या अक्षता पुसून काढायच्या नसतात, म्हणून ती बंदूक तशीच घोंगडीत गुंडाळून ठेवायची. टोपी पहिल्या झटक्यात का फुटत नव्हती ते कळलं. घोडा टोपीवर आपटतच नव्हता, आधी तांदळावर आपटत होता. कमान ठणठणीत होती.

मला फार आनंद झाला. खळगा खरवडून स्वच्छ केला, टोपी लावली, चाप ओढला. फट्! पहिल्या झटक्यात. पण काडी हलली नाही ती नाहीच.

म्हणजे आता राहिला कान. मी सेफ्टी पिन घेतली, ती जाड, आत जाईना. शिवणाची सुई घातली, ती मधेच अडली आणि वाकली. झाडूचा हीर घातला, तो तुटला. माझ्या तोंडून जे निघालं ते आईने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि ती हात पुसत बाहेर आली. माझी आई सटाण्याकडची. एरवी आमच्यासारखं बोलते, पण रागावली किंवा खूश झाली की तिची माहेरची अहिराणी सुटते.

तिने माझ्या हातातली वाकडी सुई पाहिली, बंदुकीचा कान पाहिला, आणि म्हणाली, "अगं, हे तर स्टोव्हच्या बर्नरसारखं आहे. पिन मार ना."

रॉकेलचा स्टोव्ह! मी लहान असताना तो फरफर करायला लागला, पिवळा जळायला लागला, की आई पिन मारायची. लांब पत्र्याची पट्टी आणि तिच्या टोकाला केसाएवढी तार. भोक मोकळं झालं की स्टोव्ह निळा पेटायचा. अण्णांना बंदुकीतलं सगळं कळतं, पण त्यांनी जन्मात स्टोव्ह पेटवलेला नाही. आणि मी गॅसवाली. घरातून स्टोव्ह जाऊन जमाना झाला, पण आई काही टाकते थोडीच? ती आत गेली, फळीवरचे डबे खडखडवले आणि मोहरीच्या जुन्या डब्यातून पिनांची पुडी घेऊन आली.

पहिली पिन आत अडली. आईने ती माझ्या हातातून घेतली, चिमटीत धरली आणि स्टोव्हला मारायची तशी हलकेच वरखाली केली. पिन रुतली. बाहेर काढली तर तारेला पिवळा-तांबडा गोळा लागून आला. मेणासारखा. मी तो नाकाशी नेला.

खोबरेल. हळदीचा वास असलेलं खोबरेल.

मी मान वर केली. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती पिनेकडे बघत होती.

"आई, यात तेल कसं गेलं?"

"मीच घालते की दसऱ्याला. थेंबभर. कानात."

अण्णा ओट्यावर ताठ झाले. "काय घालती?"

आता आईची अहिराणी सुटली. "तुम्हीच सांगेल व्हतं ना, कानले तेल लागस म्हणून!"

"आगं, कानाला म्हटलो व्हतो मी! कानाला! भायेरून, आट्यांना, गंज नको लागाया म्हणून! कानात नाय म्हटलो!"

"कानले तेल लागस म्हंजे कुठे घालतात मंग? बाळाच्या कानले घालतो तसंच घातलं मी. कोमट करून."

कोमट करून! दर दसऱ्याला माझी आई वाटीत खोबरेल कोमट करायची, हळदीकुंकवाचं बोट त्यात बुडवायची आणि त्या ठासणीच्या बंदुकीच्या कानात, न्हाणीघरातल्या बाळाच्या कानात सोडावा तसा एक थेंब सोडायची. थंडीत ते तेल थिजायचं, हळदकुंकू खाली बसायचं, आणि पुढच्या दसऱ्याला त्यावर नवा थर. "ला" आणि "त". एवढ्याने शिवाराची बंदूक मुकी झाली होती.

"म्हणजे अण्णा," मी म्हटलं, "आपण वर्षभर हिला हाका मारतोय आणि ही कानात तेल घालून बसलीय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. आणि ते हसले. आधी नुसतं नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी थांबेनात. त्या "बरं"नंतर वर्षभर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला तिथेच बंदूक वाजल्यासारखी वाटली.

आई मात्र हसली नाही. तिला लागलं होतं. देवाचं केलं आणि त्याने घरच्या माणसाची अब्रू गेली, शिवारात हसं झालं, हे तिला सोसवेना. मी म्हटलं, "जाऊ दे गं, मी करते साफ." तर तिने माझा हात बाजूला केला.

"सरक. हाई मन्हं काम शे."

आणि मग तिने ते काम ज्या तऱ्हेने केलं, त्यावर एखादा मिस्त्रीही बोलला नसता. अण्णांनी त्यांचा छोटा पाना दिला, पण कान काही फिरेना. आट्यांतही तेल थिजलेलं. आईने पाणी उकळलं, फडकं त्यात बुडवून पिळलं आणि कानाभोवती गुंडाळलं. गार झालं की पुन्हा. तुपाचं भांडं घासताना ती हेच करते. तेल सुटलं, कान फिरला आणि तिच्या तळहातावर आला. मग वाटीत गरम पाणी आणि भांडी घासायची पावडर. कान त्यात बुडवायचा, पिन मारायची, पुन्हा बुडवायचा. पाणी पिवळं झालं, तांबडं झालं, ते फेकून नवीन घेतलं. तीन-चार पिना तुटल्या. ती एकदाही चिडली नाही. शेवटी तिने कान ओठांना लावून फुंकला, तर बारीक शिट्टी वाजली. मग तो डोळ्याशी धरून आकाशाकडे पाहिलं.

"उजेड दिसतोय," ती म्हणाली. तेव्हा कुठे ती हसली.

अण्णांनी नळीच्या मागच्या बाजूचं भोकही पिनेने मोकळं करायला सांगितलं, गरम पाण्याने नळी धुवायला लावली, गजाला फडकं गुंडाळून ते कोरडं निघेपर्यंत फिरवायला लावलं. "आतून कोरडी, भायेरून तेल," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि दर वेळी आईकडे बघत होते. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, "कळलं मला, एवढी काही मी बहिरी नाही." कान कडक उन्हात वाळवला, आट्यांना तेलाचा नुसता हात लावला आणि परत बसवला. मी गवताची नवी काडी रोवली. टोपी लावली. चाप.

फट्! काडी मागे लवली आणि तिच्या पायथ्याची माती फुर्र करून उडाली.

अण्णांना एवढं लांबचं दिसलं नाही. "हालली का?" त्यांनी विचारलं.

"हलली! अण्णा, माती उडाली!"

"आसं," ते म्हणाले आणि चहा मागितला.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चांगलं ऊन असतानाच, टेकाडावर माणसं जमायला लागली. गेल्या वर्षीचा तमाशा पुन्हा बघायला मिळणार म्हणून जरा जास्तच जमली होती, हे मला दिसत होतं. खाली काकांच्या मक्यातून डरकाळी येत होती, मागोमाग कुत्री. काका पुढे उभे होते, हात पाठीशी. आई कधी टेकाडावर यायची नाही, ती घरूनच ऐकायची. या वेळी ती आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दादा, ठरलंय ना आपलं? नाय वाजली तर उद्या कळवण."

"ठरलंय," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. पण त्यांची काठी मातीत घट्ट रुतली होती.

मी दारू मापाने ओतली, काथ्याचा बोळा घातला, गजाने ठासलं. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ ठासत राहिले. घाबरले होते मी. एका दुपारच्या कामावर, माझ्या आईच्या पिनेवर, अण्णांची सगळी वर्षं येऊन थांबली होती. लोकांना मागे सरायला सांगितलं, नळी डोंगरावरच्या रिकाम्या आभाळाकडे केली, टोपी बसवली, घोडा चढवला. चाप ओढला.

असा बार मी जन्मात ऐकला नव्हता. तो खांद्यातून पायापर्यंत गेला. समोर पांढऱ्या धुराचा ढग उभा राहिला, आणि डोंगराने तो आवाज घेऊन आम्हाला परत दिला, मग पलीकडच्या डोंगराने पुन्हा दिला.

"वाजनी वं माय! वाजनी!" आई ओरडली. माझ्या शांत, देवभोळ्या आईने उडीच मारली.

आणि धूर विरळ होतो न होतो तोच खाली मका हलायला लागला. आमचा नव्हे. काकांचा. भोंग्याच्या खांबाच्या अगदी बुडापासून मक्याचं पीक फाटत गेलं, आणि रानडुकरांचा कळप, म्हातारी, तरणी, पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं, सगळा संसार बाहेर पडून डोंगराकडे धावत सुटला. दिवसाउजेडी! वाघाच्या डरकाळीखाली ते कुटुंब निवांत जेवत होतं. डुकरं ओढ्यापलीकडे गेली तरी भोंग्यातला वाघ ओरडतच होता.

लोक हसले ते असे की काहीजण खाली बसले. गेल्या वर्षी "फुसका बार" म्हणणारा कोण, ते मला ठाऊक होतं. मी त्याच्याकडे बघून हसले. अगदी गोड. असला आनंद दाबून ठेवायची माझी काही तयारी नव्हती, आणि मी तो दाबला नाही.

काका अण्णांजवळ आले. घसा साफ केला.

"दादा, उद्या सांजचा एक बार आमच्या बांधावर काढशील का?"

अण्णांनी काठी उचलली आणि तिचं टोक माझ्याकडे केलं.

"मला कशाला इचारतो? बंदूक तिची हाय. तिला इचार."

सगळं टेकाड माझ्याकडे वळलं. काकांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, जन्मल्यापासून फक्त सांगितलं होतं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली.

"येतीस का बाई?"

"येते काका," मी म्हटलं. "उद्या, परवा, मका निघेपर्यंत. मी इथलीच आहे."